खवले मांजर पाळता येत नाही, पण एक रात्र सांभाळावं लागलं तर

नाशिक जिल्ह्यातल्या पेठ, हरसूल, सुरगाणा, त्र्यंबक, इगतपुरी या पट्ट्यात खवले मांजर (पँगोलिन) दिसतं ते बहुतेक रात्रीच. पिकाला पाणी भरायला गेलेल्या माणसाच्या बॅटरीच्या झोतात, कोरड्या विहिरीच्या तळाशी, शेततळ्याच्या कागदावर घसरताना, नाहीतर वस्तीवरच्या कुत्र्यांनी घेरलेलं. फोन केला तरी डोंगरातल्या पाड्यावर वन विभागाची गाडी यायला वेळ लागतो, कधी उजाडतं. या मधल्या तासांत माणसं चांगल्या मनाने जे करतात त्यानेच पुष्कळदा जनावर दगावतं. प्लास्टिकच्या पोत्यात घालून ठेवतात, तोंडात दूध ओततात, अख्खा गाव फोटो काढायला जमतो. म्हणून हे तास नीट कसे काढायचे ते इथे सविस्तर दिलं आहे.

आधी पाळण्याचा प्रश्न मिटवून टाकू, कारण तो दर वेळी निघतोच. खवले मांजर पाळता येत नाही. भारतीय खवले मांजर वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ च्या अनुसूची १ मध्ये आहे. पकडणं, डांबून ठेवणं, विकणं किंवा खवले बाळगणं यासाठी कलम ५१ प्रमाणे ३ ते ७ वर्षं कैद आणि किमान २५ हजार रुपये दंड आहे. ही दंडाची रक्कम १ एप्रिल २०२३ पासून लागू झालेल्या दुरुस्तीनंतरची आहे. आंतरराष्ट्रीय व्यापारावरही बंदी आहे. जगातल्या आठही जातींची खवले मांजरं २०१६ च्या जोहान्सबर्ग परिषदेत साइट्सच्या, म्हणजे वन्य जीवांच्या व्यापारावरच्या आंतरराष्ट्रीय कराराच्या, परिशिष्ट १ मध्ये गेली.

कायदा बाजूला ठेवला तरी ते घरात जगत नाही. याला दात नसतात. ते मुंग्या, वाळवी आणि त्यांची अंडी जिभेने चाटून गिळतं आणि सोबत गेलेल्या खड्यांच्या मदतीने जठरात दळतं. रोज नवी वारुळं शोधत कित्येक तास फिरणाऱ्या जनावराला वाटीत अन्न ठेवलं की ते तोंडही लावत नाही. ताणामुळे जठरात व्रण होतात, पाठोपाठ न्यूमोनिया होतो. बंदिवासातल्या खवले मांजरांच्या मृत्यूची हीच दोन कारणं पुन्हा पुन्हा दिसतात. ओडिशातल्या नंदनकानन प्राणिसंग्रहालयात यांचं प्रजनन केंद्र आहे. तिथे पशुवैद्य, वेगळी आवारं आणि खास बनवलेला आहार असतो. घरात यातलं काहीच उभं करता येत नाही.

समाजमाध्यमांवर दक्षिण अमेरिकेतल्या तमांडुआचे (झाडांवर चढणारा छोटा मुंगीखाऊ) किंवा मोठ्या मुंगीखाऊचे व्हिडिओ बघून "मग तो तरी पाळू का?" असं विचारणारेही आहेत. परदेशी वन्यप्राणी आयात करायला परदेश व्यापार महासंचालनालयाचा परवाना आणि विलगीकरण लागतं. मोठा मुंगीखाऊ साइट्सच्या परिशिष्ट २ मध्ये आहे. अशा यादीतल्या जिवंत प्राण्याची २०२४ च्या नियमांप्रमाणे केंद्र सरकारच्या 'परिवेश' पोर्टलवर नोंदणी करावी लागते. एखादा विक्रेता "कागद नंतर देतो" म्हणाला, तर तो माल चोरट्या वाटेने आलेला आहे असंच समजा. आणि कागद असले तरी वर सांगितलेली आहाराची अडचण त्याही जनावराला आहेच.

आता मूळ कामाकडे येऊ.

पहिली दहा मिनिटं

सगळ्यात आधी ठरवा की जनावराला मदतीची गरज आहे का. शेताच्या बांधावरून, रानातून, ओढ्याच्या काठाने निवांत चालणारं खवले मांजर संकटात नसतं. ते नाक खाली घालून चालतं. असं दिसलं तर बॅटरी विझवा, कुत्री बांधा आणि त्याला जाऊ द्या. बांधावरचं खवले मांजर उचलून "वाचवून" आणणं म्हणजे त्याला त्याच्या बिळापासून तोडणं. मादी असेल तर बिळात पिल्लू उपाशी राहतं.

मदत लागते ती अशा वेळी: विहिरीत किंवा तळ्यात पडलंय, फाशात अडकलंय, कुत्र्यांनी किंवा गाडीने जखमी केलंय, वणव्यातून आलंय, भर दिवसा उघड्यावर निपचित पडलंय, किंवा कुणीतरी आधीच पकडून आणलंय. शेवटच्या प्रकारात तर ते किती तास पोत्यात होतं हे कुणी खरं सांगत नाही. तेव्हा ते तहानलेलं आणि खचलेलं आहे असंच धरून चला.

कुत्री लांब नेऊन बांधा. माणसं मागे घ्या, दोनच जण जवळ थांबा. मोठा उजेड बंद करा. बॅटरी वापरायचीच तर काचेवर लाल कापड बांधा. मग १९२६ वर फोन लावा. ही वन विभागाची 'हॅलो फॉरेस्ट' हेल्पलाइन आहे. ती लागली नाही तर ११२. वनरक्षकाचा किंवा वनपालाचा नंबर गावात कुणाकडे तरी असतोच, त्यालाही समांतर कळवा. फोनवर एवढं सांगा: गाव, पाडा, गट नंबर किंवा ओळखीची खूण, जनावर कोणत्या अवस्थेत आहे, जखम दिसते का, पिल्लू सोबत आहे का. मोबाइलवर त्या जागेचं लोकेशन जतन करून ठेवा. जनावर पुन्हा तिथेच सोडायचं असतं, आणि दोन दिवसांनी "ते हिकडं कुठंतरी होतं" याचा काही उपयोग होत नाही. हे लोकेशन फक्त अधिकाऱ्याला द्या. गावच्या ग्रुपवर टाकलेला फोटो तासाभरात नको त्या माणसापर्यंत पोहोचतो.

उचलायचं कसं

शक्यतो उचलू नका. जागा सुरक्षित असेल तर त्यावर मोठी पाटी किंवा लाकडी खोकं पालथं घालून, वर दगड ठेवून, शेजारी थांबणं पुरतं. रस्त्यावर असेल, पाण्यात असेल किंवा कुत्री आवरत नसतील तरच हलवा.

घाबरलं की ते गुंडाळी करून चेंडू होतं, तोंड आणि पोट आत, शेपटी वरून आवळलेली. ही गुंडाळी कधीही सोडवायला जाऊ नका. जोर लावला तर खवले मुळापासून निघतात, आणि तुमचं बोट दोन खवल्यांच्या मधे आलं तर धारदार कडांनी चांगलंच कापतं. चावण्याची भीती नाही, दातच नाहीत. भीती आहे ती पुढच्या पायांच्या लांब नखांची आणि शेपटीच्या फटक्याची. जाड चामड्याचे हातमोजे घाला. नसतील तर बारदानाच्या दोन घड्या हाताला गुंडाळा. दोन्ही हात खालून घालून चेंडू जसा आहे तसा उचला आणि अंगापासून थोडा लांब धरा. मोठं जनावर १० ते १६ किलो भरतं, तेव्हा एकट्याने झेपत नसेल तर बारदान जमिनीवर पसरून त्यावर चेंडू लोटा आणि दोघांनी चार टोकं धरा. शेपटीला धरून लोंबकळत नेऊ नका, मणक्याला इजा होते. घाबरल्यावर ते उग्र वासाचा स्राव सोडतं. तो विषारी नाही, दचकून हातातलं टाकू नका. खवल्यांच्या खाली गोचीड असतात, म्हणून नंतर हात, मान, कंबर तपासा आणि साबणाने धुवा.

ठेवायचं कशात

इथेच सर्वांत जास्त चुका होतात, आणि घरात हाताशी असलेल्या वस्तूंनीच होतात.

द्राक्षाचं क्रेट नको. जाळीत नखं अडकतात, निसटायला धडपडताना मुळापासून उखडतात. कोंबड्यांचा तारेचा पिंजरा त्याच कारणाने नको. शिवाय ते नाक तारेवर घासत राहतं आणि रक्तबंबाळ होतं. खताचं प्लास्टिकचं पोतं अजिबात नको. आत हवा नाही, उष्णता कोंडते, आणि गुंडाळी केलेलं जनावर बाहेरून शांत झोपलंय असं वाटतं. पुठ्ठ्याचं खोकं पाच मिनिटांत फाडून बाहेर येतं. कांदाचाळीच्या फळ्यांमधल्या फटीत पाय अडकतो. सिमेंटच्या कोऱ्या खोलीत सोडलं तर रात्रभर भिंतीच्या कडेने खणत राहतं आणि सकाळपर्यंत नखं, तळवे आणि नाक सोलून निघतं.

मळ्यात मिळणारी सर्वांत चांगली वस्तू म्हणजे २०० लिटरचा निळा प्लास्टिकचा ड्रम, वरचं झाकण पूर्ण निघणारा. त्याच्या गुळगुळीत बाजूला नखं लागत नाहीत, आत अंधार राहतो. पण एक अट आहे, तो फवारणीचा ड्रम नसावा. द्राक्षपट्ट्यात हा धोका खरा आहे. ऑक्टोबर छाटणीनंतर काड्यांना लावायचं हायड्रोजन सायनामाइड असो की वर्षभराची बुरशीनाशकं आणि कीटकनाशकं, ती ज्या ड्रममध्ये कालवली तो धुतला तरी खात्रीचा राहत नाही. खवले मांजराचं पोट जवळपास उघडं, कातडी मऊ, आणि ते सतत जिभेने आजूबाजूचं चाटतं. पिण्याच्या पाण्याचा किंवा धान्याचा ड्रम घ्या. ड्रमबद्दल किंचितही शंका असेल तर जाड फळ्यांचं लाकडी खोकं बरं, साधारण तीन फूट लांब, दोन फूट रुंद, दोन फूट उंच, वरून घट्ट झाकण असलेलं.

ड्रमची तयारी अशी करा. वरच्या तिसऱ्या हिश्शात चारी बाजूंनी मिळून दहा-बारा भोकं पाडा, प्रत्येक साधारण १० मिलिमीटरचं. याहून मोठं केलं तर नख अडकतं, लहान केलं तर हवा पुरत नाही. झाकणालाही पाच-सहा भोकं. तापलेल्या सळईने भोकं पाडली असतील तर आतल्या बाजूचे कंगोरे कानशीने घासा आणि प्लास्टिकचा जळका वास जाईपर्यंत ड्रम उघडा ठेवा. हे सगळं जनावर आत घालण्याआधी. तळाला चार-पाच इंच माती घाला, मुठीत दाबली तर गोळा होईल आणि बोट लावलं की फुटेल इतकीच ओलसर. माती रानातली किंवा बांधावरची घ्या, बागेच्या ओळीतली नको. वर सुक्या गवताचा थर टाका. भुसा आणि कांद्याची टरफलं नकोत, त्यांची धूळ नाकात जाते. माती आणि गवत मिळालं की बहुतेक जनावरं खाली घुसून शांत होतात.

झाकण लावा आणि त्यावर मोठा दगड किंवा पाण्याने भरलेला कॅन ठेवा. हे विसरू नका. शेपटीच्या आधाराने मागच्या पायांवर उभं राहून ते नाकाने आणि पाठीने झाकण सहज उचलतं. बळ अंगावर दिसत नाही, पण रोज रात्री कडक वारुळं फोडणारे खांदे आहेत ते.

ड्रम घराच्या सर्वांत शांत खोलीत ठेवा. टीव्ही, मोटर, पोरंसोरं, कुत्रं या सगळ्यांपासून दूर. दर पाच मिनिटांनी झाकण उघडून बघायचं नाही. तासाला एकदा कान लावून ऐका, दोन तासांनी एकदा मंद उजेडात डोकावा. एवढं पुरतं.

थंडी आणि ऊन

खवले मांजराचं शरीर आपल्यापेक्षा थंड असतं, साधारण ३२ ते ३५ अंश सेल्सिअस, आणि पोटाखाली ऊब धरणारी केसाळी जवळजवळ नसते. रानात ते खोल बिळात राहतं, तिथे हिवाळा-उन्हाळा फारसा पोहोचत नाही. ड्रममध्ये हे संरक्षण नाही, म्हणून ते तुम्हाला द्यायचं आहे. आसपास २२ ते २८ अंश राहिले की बरं.

डिसेंबर-जानेवारीत नाशिकला रात्रीचा पारा एक आकडी होतो, निफाडकडे त्याहूनही खाली जातो. ड्रम थेट फरशीवर ठेवू नका, खाली फळी किंवा दुमडलेली दोन बारदानं घाला. भोकं उघडी ठेवून बाहेरून गोधडी किंवा घोंगडी गुंडाळा. गरम पाण्याच्या दोन बाटल्या कापडात गुंडाळून ड्रमच्या एकाच बाजूला बाहेरून लावा आणि दोन-तीन तासांनी पाणी बदला. एकाच बाजूला अशासाठी की ऊब जास्त झाली तर त्याला दुसरीकडे सरकता यावं. बाटली आत ठेवली तर नखांनी फुटून माती आणि जनावर दोन्ही भिजतात, आणि भिजलेलं खवले मांजर थंडीत न्यूमोनियाने जातं. आत बल्ब सोडू नका. शेकोटी, हीटर, धुराची चूल जवळ नको.

एप्रिल-मे महिन्यात उलटं. पत्र्याच्या शेडमध्ये ड्रम ठेवला तर दुपारी आत भट्टी होते. जुन्या मातीच्या किंवा दगडी घराची खोली उत्तम. नसेल तर आंब्याच्या किंवा वडाच्या दाट सावलीत ठेवा, बाहेरून ओलं बारदान गुंडाळा, भोकं मात्र झाकू देऊ नका. जनावर गुंडाळी सोडून आडवं पसरलंय, तोंड उघडून धापा टाकतंय, हात लावला तरी आवळत नाही, ही उष्माघाताची खूण. तेव्हा त्याला लगेच थंड जागी हलवा, आतली माती थोडी ओली करा, पोट आणि तळवे साध्या पाण्याच्या ओल्या कापडाने पुसा. बर्फाचं पाणी किंवा बादलीभर पाणी अंगावर ओतू नका, अचानक थंडीने रक्तवाहिन्या आकसतात आणि आतली उष्णता बाहेर पडत नाही.

पावसाळ्यात इगतपुरी-त्र्यंबकला सगळीच माती चिखल झालेली असते. तेव्हा घरातली कोरडी माती वापरा, थोडं पाणी शिंपडा, आणि आधी भिजलेलं जनावर असेल तर बारदानाने वरवर टिपून घ्या.

पाणी द्या, खाणं नको

उथळ, जड, पसरट भांडं घ्या. मातीची थाळी चालते. त्यात दोन बोटं पाणी, त्याहून खोल नको. भांडं ड्रमच्या कडेला मातीत थोडं रुतवून ठेवा म्हणजे उलटणार नाही. बहुतेक जनावरं अंधार आणि शांतता मिळाली की तासा-दोन तासांत स्वतः चाटून पितात. सिरिंजने, चमच्याने, बाटलीने तोंडात पाणी सोडू नका. तोंड अरुंद, जीभ लांब आणि गुंडाळलेल्या अवस्थेत मान वाकलेली, त्यामुळे पाणी फुप्फुसात जातं. पुढच्या चार दिवसांत न्यूमोनिया होतो आणि "इथून गेलं तेव्हा तर बरं होतं" असं सगळे म्हणतात.

खाण्याबाबत उत्तर सोपं आहे, पण पाळायला अवघड जातं. पहिल्या रात्री काहीही देऊ नका. धडधाकट मोठं जनावर एक रात्र उपाशी राहून मरत नाही. दूध, भिजवलेली पोळी, अंडं, मटणाचे तुकडे, मध, केळं यांतलं काहीही त्याच्या पोटासाठी नाही. दुधाने जुलाब लागतात आणि आधीच कमी असलेलं पाणी शरीरातून निघून जातं. मुंग्यांचं वारूळ उकरून ड्रममध्ये ओतण्याचा मोह सर्वांनाच होतो. तोही टाळा. रानात खवले मांजर चावऱ्या मुंग्यांपासून बाजूला होऊ शकतं, ड्रममध्ये होऊ शकत नाही. मुंग्या डोळ्यांत, नाकात, जखमेत शिरतात. वाळवीचा धोका वेगळा आहे. बागेजवळच्या वारुळात वाळवीनाशक ओतलेलं असण्याची शक्यता असते. २४ तासांहून जास्त वेळ गेला तर काय आणि कसं द्यायचं हे पशुवैद्य ठरवतील.

जखमी असेल तर

रक्त वाहत असेल तर स्वच्छ सुती कापडाने पाच मिनिटं न उचलता दाबून धरा. हळद, चुना, तंबाखू, डिझेल, जंतुनाशक पावडर यांतलं काही लावू नका. जखम खवल्याखाली असते, वर लावलेलं आत साचतं आणि डॉक्टरला खरी जखम दिसत नाही. अळ्या दिसल्या तरी हात लावू नका.

फाशाची तार पायात किंवा पोटात रुतलेली असेल तर खुंट्याकडची बाजू कापून जनावर मोकळं करा, पण अंगातला फास तसाच राहू द्या. रुतलेला फास काढला की दबलेली रक्तवाहिनी उघडून भळाभळा रक्त जातं, शिवाय तारेखालची कातडी किती मेली आहे हे डॉक्टरने बघायचं असतं. अपवाद एकच. फास गळ्याभोवती असून श्वास अडकत असेल तर तो लगेच कापा.

कुत्र्याने धरलेल्या जनावरावर वरून काही दिसत नसलं तरी ते जखमी आहे असंच सांगा. गुंडाळी पूर्ण आवळता न येणं, शेपटी फरपटणं, जीभ बाहेर लोंबणं, नाकाशी फेस किंवा बुडबुडे येणं ही गंभीर लक्षणं आहेत. ती दिसली तर पुन्हा फोन करा आणि "तातडीचं आहे" असं स्पष्ट म्हणा. नाशिक शहरालगत म्हसरूळला वन विभागाचं वन्यप्राणी उपचार केंद्र आहे, पण थेट तिकडे गाडी पळवण्याआधी अधिकाऱ्याची परवानगी घ्या.

पिल्लू असेल तर

मादी पिल्लाला शेपटीच्या मुळाशी पाठीवर बसवून फिरवते आणि धोका दिसला की गुंडाळीच्या आत घेते. चेंडूच्या आतून बारीक हालचाल किंवा आवाज आला तर आत पिल्लू आहे असं समजा. दोघांना एकाच ड्रममध्ये ठेवा, बघण्यासाठी वेगळं करू नका.

एकटं पिल्लू सापडलं तर "रात्रभर उपाशी चालतं" हा नियम त्याला लागू नाही. जन्मलेलं पिल्लू २०० ते ४०० ग्रॅमचं असतं, लवकर गार पडतं. मऊ सुती कापडात सैल गुंडाळा, छोट्या लाकडी खोक्यात ठेवा, बाहेरून ऊब द्या, आणि गाडी लवकर यावी म्हणून पाठपुरावा करा. गाईचं दूध त्यालाही देऊ नका. ते जिथे सापडलं तिथे आसपास बीळ आहे का हे एका माणसाने दुरून बघून ठेवावं, उकरू नये.

कागदाची बाजू

शेतकरी फोन करायला कचरतात ते "आपल्यावरच केस होईल" या भीतीने. कायदा काय म्हणतो ते बघा. वन्यप्राणी ही सरकारची मालमत्ता आहे, आणि ती हाती आलेल्याने ४८ तासांच्या आत जवळच्या पोलीस ठाण्यात किंवा वन अधिकाऱ्याला कळवायचं, असं कलम ३९ सांगतं. म्हणजे कळवणारा कायद्याच्या बाजूला असतो, लपवणारा नाही. ४८ तास ही शेवटची मर्यादा आहे, तेवढा वेळ थांबायची परवानगी नव्हे. केलेल्या फोनची वेळ मोबाइलमध्ये राहते, ती पुसू नका. शक्य असेल तर पोलीस पाटील किंवा सरपंचाला बोलावून घ्या. वनकर्मचारी आले की पंचनामा होईल. त्यात सापडल्याची जागा आणि वेळ बरोबर लिहिली आहे का ते वाचून सही करा.

ड्रममध्ये एखादा खवला गळून पडला तर तोही जनावरासोबत द्या. आठवण म्हणून, देव्हाऱ्यात ठेवायला किंवा अंगठीत बसवायला ठेवलेला एक खवलाही गुन्हा आहे. खवला म्हणजे केराटिन, तेच जे आपल्या नखात असतं. त्याने कुठला आजार बरा होत नाही, धनलाभ होत नाही. आणि लाखांची बोली लावणारा कुणी मळ्यावर आलाच, तर अशा अनेक कारवायांत ग्राहक बनून वनखात्याचीच माणसं गेलेली असतात, हे घरातल्या तरुण पोरांना आजच सांगून ठेवा.

नेताना आणि सोडताना

अधिकाऱ्याने तुम्हालाच आणायला सांगितलं तर त्याचं नाव आणि वेळ लिहून घ्या. पाण्याचं भांडं काढून घ्या. ड्रम गाडीत उभा ठेवून दोन्ही बाजूंनी बारदानांनी घट्ट बसवा, कसाऱ्याच्या किंवा सापुताऱ्याकडच्या घाटात सैल ड्रम लवंडतो. पिकअपच्या उघड्या हौद्यात थंड वारा थेट भोकांत घुसतो, तेव्हा वाऱ्याच्या बाजूला ताडपत्री लावा. गाणी बंद, हॉर्न कमी.

जनावर ठणठणीत असेल तर वन विभाग ते सापडलं त्याच परिसरात सोडतो, शक्यतो अंधार पडताना. तुम्ही जतन केलेलं लोकेशन इथे लागतं. ड्रम हळू आडवा करायचा, तोंड झाडीकडे, आणि सगळ्यांनी वीस-पंचवीस पावलं मागे यायचं. गुंडाळी सुटायला कधी अर्धा तास जातो. ओतून बाहेर काढायचं नाही, काठीने डिवचायचं नाही.

पुन्हा पडू नये म्हणून

द्राक्ष-डाळिंबाच्या भागात शेततळी झाली आणि त्यांच्या प्लास्टिकच्या कागदावर नख रोवायला जागा नाही. खवले मांजराला पोहता येतं, पण बाहेर येता आलं नाही की दमून बुडतं. प्रत्येक कोपऱ्यात काथ्याची चटई सोडा, किमान दोन फूट रुंद, वरून बांधावरच्या लोखंडी खुंटीला बांधलेली आणि थेट तळापर्यंत पोहोचणारी. अर्ध्यावर सोडलेली चटई मार्चनंतर पाणी खाली गेलं की लोंबकळत राहते, उपयोगाची नसते. खालच्या टोकाला वाळू भरलेली छोटी पोती बांधा, दगड नको, त्याने कागद फाटतो. बारदान स्वस्त पडतं पण पाण्यात लवकर कुजतं, काथ्या जास्त टिकतो. मासेमारीचं नायलॉनचं जाळं टाकू नका, त्यात नखं गुंततात. याच चटईवरून साळिंदर, ससे, सापही बाहेर येतात.

बिनकठड्याच्या विहिरीला दोन-अडीच फुटांचा कठडा बांधा. आधीच आत पडलेल्या जनावरासाठी लाकडी शिडीला बारदान गुंडाळून तिरपी सोडा आणि रात्रभर तिथून निघून जा. खवले मांजर चांगलं चढतं, माणसं वर उभी असली तर चढत नाही.

झटका मशीनच्या, म्हणजे विजेचा धक्का देणाऱ्या कुंपणाच्या, तारांबद्दल जरूर विचार करा. धक्का बसला की बाकीची जनावरं मागे उडी मारतात, खवले मांजर मात्र जागीच गुंडाळी करतं, तीही तारेसकट. मग तार सुटत नाही आणि धक्के थांबत नाहीत. दक्षिण आफ्रिकेत तिथल्या जातीचे मोठ्या प्रमाणावर बळी असेच गेले आहेत. रानाच्या कडेच्या बाजूला सर्वांत खालच्या तारेत करंट ठेवू नका, पहिली जिवंत तार दीड फुटाच्या वर घ्या. अडकलेलं दिसलं तर हात लावण्याआधी मशीन बंद करा, बॅटरीची वायर काढा, आणि गुंडाळी सुटेपर्यंत तार ओढू नका.